सीनियर सिस्टरचा बिल्ला

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी छबू सुई घेऊन आली, तशी वनिताने तापानं फणफणलेलं लेकरू पोटाशी ओढलं आणि सुई टोचू देईना. कालपर्यंत छबू या दवाखान्यात नुसते केसपेपर लिहायची. आज तिच्या छातीवर 'सीनियर सिस्टर' असा बिल्ला होता.

मॅनेजर ढोबळे गुरकावले, "बिल्ला वाचता येत नाही का, बाई?"

"येतो की. सातवी झालेय, साहेब."

वनिताने बिल्ला मागितला. छबूने सुटल्यागत काढून दिला. वनिताने तो ढोबळ्यांच्या शर्टाला टाचला आणि लेकराचा दंड पुढं केला. "आता तुम्हीच द्या सुई."

ढोबळे मागं सरकले. "मला कुठं येतंय?"

"मग बिल्ल्यानं तिला कसं आलं?"

ढोबळ्यांनी वरच्या मजल्यावरची शिकलेली नर्स बोलावली.

बायांनो, सुईआधी शिक्षण विचारा, आणि शेजारणीलाही सांगा.