आवडीचा गाल

अहो, लांबून काय बघता? पुढे या, हात लावा. या चित्राला हात लावायचाच असतो. कपारीत चुन्यानं पांढऱ्या केलेल्या भिंतीवर पोरीचा हा चेहरा आहे ना, तो नुसत्या गेरूच्या मऊ खड्यानं काढलाय. बोट लागलं की रंग बोटाला येतो. दर साली दिवाळीनंतरच्या सोमवारी गाव तो नव्यानं काढतं.

असं सांगतात, की फार पूर्वी इथे धाकजी नावाचा चितारी होता. आसपासच्या देवळांच्या भिंती त्यानंच रंगवलेल्या. रंगात डिंक असा घालायचा, की घासूनही निघू नये. त्याचा त्याला भारी तोरा. त्याची एकुलती एक लेक, आवडी, अकराव्या वर्षी तापानं गेली. बायको येसू अन्नाला शिवेना. लेकीचा चेहरा आपण विसरू, ही एकच धास्ती तिनं घेतली. म्हणून धाकजीनं इथे खड्यानं लेकीचा कच्चा चेहरा काढला. वर रंग भरायला मात्र त्याचा हात उठला नाही.

येसू रोज यायची, गालावरून हात फिरवायची आणि लाल तळहात घेऊन घरी जायची. हळूहळू दोन घास खाऊ लागली. पण महिन्याभरात गाल पुसला, मग ओठही गेले. आता चेहराच जाणार म्हणून धाकजी घाबरला. शेवटी चितारीच तो. त्यानं चेहरा पुन्हा काढला आणि या खेपेला डिंक घालून पक्का केला.

दुसऱ्या दिवशी येसूनं हात फिरवला. तळहात कोरा. ती एवढंच बोलली म्हणे, "आता ही माझ्याबरोबर घरी येत नाही हो."

 मग धाकजीनं सगळं खरवडून काढलं, नवा चुना दिला आणि कोरड्या खड्यानं लेक काढली. पुसली की पुन्हा काढायची, असं त्यानं मरेपर्यंत केलं. त्याच्यामागे गावानं ते सोडलं नाही.

इतक्या हातांतून गेलेला चेहरा आता आवडीसारखा कसला उरतोय! पण आजही इथे कुणी डिंकाचा थेंब लावत नाही. माझी आई यायची, तिच्या गेलेल्या धाकट्या बहिणीसाठी. आम्ही पोरं तिच्या लाल हाताला हसायचो. आई गेली त्या साली मी पहिल्यांदा या गालाला हात लावला. घरी गेलो, पाणी घेतलं, पण हात काही धुववेना.