मिस्त्रीनं दांड्याला लांबी लावली

घाटमाथ्यावरच्या एका गावात एक मिस्त्री राहत होता. तो अडाणी नव्हता, आळशी नव्हता, दारूडा तर मुळीच नव्हता. हे आधीच सांगितलेलं बरं. अडाण्याच्या हातून चूक झाली तर माणूस कीव करतो आणि सोडून देतो. या मिस्त्रीची गोष्ट सांगताना मात्र अजून डोकं तापतं, कारण त्याला सगळं कळत होतं.

घाटाचा रस्ता दगडधोंड्यांचा. कधी एखाद्या गाडीच्या इंजिनाखालचं तेलाचं चेंबर फुटायचं, कधी पत्रा फाटायचा, कधी रेडिएटरच्या टाकीला चीर जायची. अशा वेळी मिस्त्री इपॉक्सीची लांबी वापरायचा. दोन रंगांचे गोळे एकत्र मळायचे, भेगेत दाबून भरायचे, वाळले की ते दगडासारखे टणक होतात. पण लांबी-लांबीत फरक असतो, आणि तो फरक त्या पंचक्रोशीत मिस्त्रीइतका कुणाला कळत नव्हता.

पाण्याच्या नळाची पांढरी लांबी तो गाडीच्या आसपास फिरकू द्यायचा नाही. चेंबरला पोलादाचा चुरा घातलेली करडी लांबी लावायचा. इंजिनाजवळ ताप सोसणारी, पत्र्याला घासून सपाट होणारी. लावण्याआधी जागेवरचं तेल पार पुसून काढायचा, पॉलिश पेपरनं ती खरखरीत करायचा, आणि गाडीवाला कितीही कावला तरी लांबी वाळेपर्यंत किल्ली हातात द्यायचा नाही. त्यामुळे त्याचं नाव झालं. त्याच्या दारातून गाडी दुरुस्त न होता परत गेली, असं कधी झालं नाही, असं लोक म्हणायचे. हळूहळू तोही म्हणायला लागला.

गावात जीप एकच होती. बाजार असो, दवाखाना असो, खाली उतरायचं तर त्याच जीपनं. खालच्या गावच्या जत्रेच्या आदल्या दिवशी जीपवाला मिस्त्रीकडे आला.

"मिस्त्री, स्टिअरिंग एका बाजूला ओढतंय. उद्या जत्रा हाय. सगळं गाव खाली न्यायचंय."

मिस्त्री गाडीखाली सरपटला. स्टिअरिंग फिरवलं की चाकं वळवतो, तो लोखंडी दांडा त्यानं पुसला आणि त्याला आडवी भेग दिसली. चांगली खोल होती. नवा दांडा तालुक्याला मिळाला असता, पण तो आणून बसवेपर्यंत जत्रा हुकली असती.

आता त्यानं काय म्हणायला हवं होतं? "जीप उभी कर, उद्या चालत जा," एवढंच. एवढे शब्द त्याच्या तोंडून निघाले नाहीत. गावाला नाही म्हणायचं, तेही त्यानं, हे त्याला सोसवेना.

तो गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात गेला. तिथल्या दुकानदाराची सवय अशी की कुणीही लांबी मागितली, तर कशाला लावायची हे ऐकल्याशिवाय तो फळीवर हात नेत नसे.

"कशाला लावायची, मिस्त्री?"

"चेंबरला," मिस्त्री म्हणाला.

दुकानदारानं करडी लांबी काढून दिली. दुकानातली सगळ्यात उत्तम लांबी होती ती, आणि चेंबरसाठी अगदी योग्य. मिस्त्रीनं मनाची समजूत घातली की एवढी मजबूत लांबी चार मैलांचा घाट तरी काढेलच. माणूस स्वतःशी खोटं बोलायला लागला की किती गोड बोलतो बघा.

त्यानं दांडा पुसला, घासला, लांबी मळली, भरली, सारं नियमानं केलं. रात्रभर वाळू दिली. सकाळी वरून काळा रंग मारला. भेग होती, असं आता कुणाच्या बापाला कळलं नसतं.

"झालं का?" जीपवाल्यानं विचारलं.

"झालं," मिस्त्री म्हणाला.

जीप पारापाशी येऊन उभी राहिली आणि लोक चढू लागले. बायका, पोरं, नारळाच्या पिशव्या, टपावर कोंबड्यांची पाटी. मिस्त्री बाजूला उभा राहून बघत होता. शेजारीण लेकराला घेऊन चढली, तो बघत राहिला. शाळेतले गुरुजी चढले, तरी बघत राहिला. ज्या न्हाव्याकडे तो दर आठवड्याला बसायचा, तो चढला, तेव्हाही मिस्त्रीच्या तोंडून शब्द फुटला नाही.

मग त्याला पुढच्या सीटवर त्याची आई दिसली. नवं लुगडं नेसून, मांडीवर खणाची पिशवी घेऊन ती ऐटीत बसली होती.

मिस्त्री धावत गेला. "आये, तू उतर."

"का रं?"

"तू नको जाऊ. पुढच्या वर्षी जा."

"पुढच्या वर्षी मी असंन का नसंन. खिडकीची जागा घावलीय, मी न्हाई उतरत."

"आये, ऐक माझं, उतर म्हणतो ना." त्यानं तिचा दंड धरला. त्याचा हात थरथरत होता.

म्हातारीनं त्या हाताकडे पाहिलं. लेक एवढासा होता तेव्हापासून ती त्याला ओळखत होती. तिनं मागे वळून भरलेली जीप पाहिली आणि तिचा चेहरा बदलला.

"सारं गाव बसलंय," ती हळू म्हणाली. "त्यात मला एकटीलाच उतरवतोस. काय करून ठेवलंयस गाडीला?"

"काय न्हाई."

"मग बस माझ्या शेजारी. चल."

मिस्त्री जागचा हलला नाही.

म्हातारी खाली उतरली आणि जीपच्या मागे जाऊन तिनं फाळका उघडला. "उतरा सगळी," ती म्हणाली. "माझ्या लेकाला ह्या गाडीत बसायची भीती वाटतीय."

आणि लोकांनी काय केलं असेल? ते म्हातारीवरच खेकसले. उशीर होतोय, म्हातारीचं डोकं फिरलंय, मिस्त्रीनं दुरुस्त केलीय म्हणजे गाडी चालतंय की. हे 'चालतंय की' ज्यानं पहिल्यांदा उच्चारलं, त्याची जीभ झडायला हवी होती. आपल्या जिवाची राखण करणाऱ्या बाईला हे लोक शिव्या देत होते, आणि ज्यानं त्यांचा जीव धोक्यात घातला तो मान खाली घालून गप्प उभा होता.

जीपवाला मात्र खाली उतरला. त्यानं पाना घेतला, गाडीखाली शिरला आणि दांड्यावर एक ठोका दिला. काळा रंग तडकला. दुसऱ्या ठोक्याला लांबीचा करडा गोळा निखळून मातीत पडला. तिसऱ्याला दांड्याचे दोन तुकडे झाले.

जीपवाला बाहेर आला. "तिसऱ्या वळणाला दरी हाय," तो मिस्त्रीला म्हणाला. "तितं मी स्टिअरिंग फिरवलं असतं, आन् चाकं वळली नसती. तुला ठावं हुतं?"



आता कुठे लोक खाली उतरले. दोघेतिघे बाह्या सारून मिस्त्रीच्या अंगावर धावून गेले. म्हातारी मध्ये पडली.

"मारू नका," ती म्हणाली. "चार रट्टे खाल्ले म्हंजी फिटलं, असं वाटंल त्याला. मला त्याला इचारू द्या."

ती लेकाच्या समोर उभी राहिली. "मला उतरवलंस, तवा तुला म्हाईत हुतं न्हवं?"

"हुतं."

"मग मागं बसल्या हुत्या त्या कुणाच्या आया न्हवत्या का रं?"

मिस्त्री रडू लागला. तिनं त्याचे डोळे पुसले नाहीत. पाठ फिरवून ती चालत घरी गेली.

त्या वर्षी गावाची जत्रा हुकली. मिस्त्री पायी घाट उतरून तालुक्याला गेला, नवा दांडा घेऊन आला आणि त्यानं तो बसवला. जीप तयार झाली, पण तिच्यात कुणी बसेना. शेवटी म्हातारी आली, पुढच्या सीटवर बसली, आणि तिनं लेकाला शेजारी बसायला सांगितलं. घाट उतरून दोघं परत आली, तेव्हाच बाकीचे चढले.

पुढे मिस्त्रीनं पुष्कळ वर्षं काम केलं, चोख केलं. लांबी जिथे लावायची तिथेच लावली आणि जिथे दांडा बदलायचा तिथे बदलला. कितीतरी गाड्या त्यानं दारातून परत पाठवल्या. म्हातारी कधीच वारली. पण अजूनही त्याच्याकडून गाडी नेताना प्रत्येक माणूस किल्ली हातात घेतो, थांबतो, आणि विचारतो, "मिस्त्री, हिच्यात तुमची आई बसवली असती का?"

आणि प्रत्येक वेळी मिस्त्रीला त्याचं उत्तर द्यावं लागतं.

तात्पर्य काय ते ऐका: भेग भरायला उत्तम लांबी निवडता येणं ही अर्धीच अक्कल, जिथे माणसांचे जीव लोंबकळतात तिथे ती लावायची नाही, ही उरलेली अर्धी. आणि जिथे आपलं माणूस बसवताना हात कापतो, तिथे दुसऱ्याचं माणूस बसवणाऱ्याला चुकला म्हणू नये, गुन्हेगार म्हणावं.