चंदनाची टी

गोल्फचा चेंडू ज्या इवल्याशा खुंटीवर ठेवून टोलवतात, तिला टी म्हणतात. क्लबचे अध्यक्ष आबासाहेब शितोळे यांनी फर्मान काढलं, की स्पर्धेत फक्त चंदनाचीच टी चालेल. मंदाकिनीबाई कर्णिक आपली पिवळी प्लास्टिकची टी सोडेनात, म्हणून त्यांना स्पर्धेतून वगळलं. बाई तडक मैदानावर आल्या.

“चंदनात एवढं काय आहे हो?”

“चेंडू कसा लांब जातो, बघाच!”

सगळ्या सभासदांदेखत आबासाहेबांनी जीव खाऊन टोला हाणला. टी भिरभिरत झुडपात गेली आणि चेंडू त्यांच्या बुटापाशी टपकला.

“पटलं, आबासाहेब,” बाई म्हणाल्या. “चंदनाची टी फारच लांब जाते. आमची प्लास्टिकची बिचारी साधी. ती चेंडूलाच पुढे पाठवते.”

हशात फर्मान तिथल्या तिथे रद्द झालं. झुडपात टी शोधायला गेलेले आबासाहेब मात्र जेवणं आटोपेपर्यंत बाहेर आले नाहीत.