तळ्याची किल्ली

डोंगरउतारावर वसलेल्या एका नगरात, फार पूर्वी, पाण्याचे एकच तळे होते आणि त्या तळ्याच्या दाराची किल्ली नगरप्रमुखाच्या कमरेला असे. प्रमुख हात वर करून निवडला जाई. दोन मुदती सरल्या की किल्ली दुसऱ्याकडे जाई आणि पायउतार झालेल्या प्रमुखाला वर्षभर तळच्या आळीत बिऱ्हाड करावे लागे. तिथे पाणी सर्वांत शेवटी पोहोचत असे. त्यामुळे कोणी न सांगताही प्रत्येक प्रमुख तळचा पाट साफ ठेवी.

त्या आळीत एक रंगारीण राहत होती. तिचे निळीचे रांजण याच पाटाच्या पाण्यावर चालत.

एकदा नगराला खरोखरच चांगला प्रमुख लाभला. त्याने स्वतः चिखलात उतरून तळचा पाट उपसला. त्याची दुसरी मुदत संपली, तेव्हा वरच्या आळीचे व्यापारी म्हणाले, "असा माणूस पुन्हा मिळायचा नाही. नियम मोडू या!"

रंगारणीने एकटीने विरोध केला.

"काय गं, तुझ्या दारात पाणी त्याच्यामुळेच आलं ना?" एका व्यापाऱ्याने विचारले.

"आलं. कारण उद्या त्याला माझ्या शेजारी राहायचं होतं."

"निळीत हात घालून घालून हिची अक्कलही काळवंडली!" कोणीतरी ओरडले. सगळे हसले आणि नियम मोडला.

तिसऱ्या मुदतीत तळच्या पाटात गवत माजले. चौथीत जो तक्रार करी, त्याच्या पाटावर फळी पडून पाणी बंद होई. रंगारणीची नीळ रांजणातच नासली. ती प्रमुखाच्या दारी गेली. तिचा पाट उपसणाऱ्या त्याच माणसाने लोडाला टेकून विचारले, "तळची आळी? तिथे अजून कोणी राहतं?"

ती संतापून दारोदार फिरली. एव्हाना वरच्या आळीतही फळ्या पडून व्यापाऱ्यांचेही हौद आटू लागले होते. पुढच्या निवडणुकीत नगराने प्रमुखाला घरी बसवले आणि रंगारणीला निवडले.

तळच्या आळीने ढोल बडवले. शेजारीण किल्ली घेऊन पुढे आली. "घे बाई! आता आपली पाळी."

"आधी नियम. दोन मुदती, मग किल्ली खाली."

"अगं, तो पुढच्या प्रमुखापासून लावू. तू काय परकी आहेस?"

"हेच!" रंगारीण कडाडली. "हेच तेव्हा वरची आळी म्हणत होती! 'आपला माणूस, चांगला माणूस!' मी तर तळचीच. मला उतरवायची वेळच ठरलेली नसेल, तर वरच्यांच्या पाटावर फळी टाकायला मला कोण अडवणार? तुम्ही? तुम्ही तर ढोल वाजवाल!"

ढोल थांबले. किल्ली शेजारणीच्या हातातच राहिली.

"नियमासाठी हात वर करा. नाहीतर ती किल्ली तळ्यात फेका."

तळच्या आळीतला एकही हात हलला नाही. सर्वांत आधी हात वर झाले ते व्यापाऱ्यांचे. आता भीती त्यांना होती.

रंगारणीने त्यांच्याकडे तिरस्काराने पाहिले, पण हात मोजले. मग मान खाली घालून तिच्या आळीनेही हात वर केले. तेव्हाच तिने किल्ली घेतली.

तात्पर्य, ज्यांना ते ऐकवेल त्यांच्यासाठी: सत्तेला मुदत घालायची ती माणूस वाईट निघाल्यावर नव्हे, तो आपला आणि चांगला वाटतो तेव्हाच.