एकट्याने घातलेला बांध

मुलांनो, आणि मुलांच्या मागे बसून ऐकणाऱ्या मोठ्यांनो, फार फार वर्षांपूर्वी एका खाडीच्या काठी ख्रिस्ती लोकांचे एक गाव होते. गावाची भातशेती आणि खाडीचे खारे पाणी यांच्यामध्ये मातीदगडांचा एक बांध होता. एका उधाणाला तो फुटला. शेते बुडाली. शांतवन नावाच्या गवंड्याची बायको रूथ शेतात बांधलेले वासरू सोडवायला धावली, ती परत आली नाही.

बांध फुटला तो थोमाच्या शेतासमोर. तिथली माती थोमाने नीट तुडवली नव्हती. तेव्हापासून तो मान खाली घालून फिरे.

पाणी ओसरल्यावर गावकरी शांतवनला म्हणाले, "बांध नव्याने घालू. तू पुढे हो." गावात त्याच्याइतका दगड कुणाला कळत नव्हता.

शांतवन पुढे झाला, पण मनाशी एक गाठ बांधून. आता दुसऱ्याच्या हातावर भरवसा नाही. लोक दिवसभर माती टाकीत, तुडवीत. ते घरी वळले की शांतवन ती उकरी आणि स्वतः पुन्हा भरी. सकाळी लोकांना आपलेच काम ओळखू येत नसे. एस्तेर म्हातारीने डोक्यावरून आणून रचलेले दगड एके दिवशी तिला बाजूला फेकलेले दिसले. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. मग हळूहळू कुणीच येईना.

शांतवन एकटाच राबू लागला. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला ओसाड शेते. भाकरी तो बांधावरच खाई. गावातून हसण्याचा आवाज आला की त्याला वाटे, मलाच हसतात. रविवारी उपासनेला तो बाकाच्या टोकाला बसे आणि शेजारची जागा रिकामी राही. कधी काम करता करता तो मोठ्याने रूथशी बोले, आणि आपल्याच आवाजाला दचके.

अशात रूथची आई, सालोमीबाई, पलीकडच्या गावाहून त्याला भेटायला आली. दुपारभर ती बांधावर बसून पाहत राहिली.

"जावईबापू, एवढं मोठं काम, आणि माणूस एकच?"

"लोकांचं काम कच्चं असतं, आई. त्या कच्च्या कामापायीच रूथ गेली."

सालोमीबाई म्हणाली, "माझीही ती लेक होती. पण पवित्र शास्त्रातली पडक्या तटाची गोष्ट तुम्ही ऐकलीय ना? नगराचा सगळा तट कोसळला होता. तो उभारायला जो आला, त्यानं पडझड हिंडून पाहिली, पण बांधायला एकटा लागला नाही. ज्याला त्याला त्यानं ज्याच्या त्याच्या घरासमोरचा तट बांधायला दिला. मागे आपली पोरंबाळं झोपतात म्हटल्यावर ढिला दगड कोण लावील?"

"थोमानं लावला."

"थोमाला कधी कुणी शिकवलं होतं?"

शांतवन रागावला. म्हातारीला त्याने नीट निरोपही दिला नाही. ती गेली, आणि बांधावर तो पुन्हा एकटा उरला.

पुनवेचे उधाण जवळ आले होते. थोमाच्या शेतासमोरचे खिंडार अजून उघडेच होते, आणि शांतवनच्या हातांत कुदळ ठरत नव्हती. एकट्याने हे होणार नाही, हे आता त्यालाही कळले. सकाळी तो थोमाच्या दारात जाऊन उभा राहिला.

"थोमा, तुझ्या शेतासमोरचं खिंडार तू भर."

"मी? अरे, माझ्याच हातून तर..."

"ठाऊक आहे. माती कशी बसवायची ते मी दाखवतो. पण हात तुझेच. मी मागून उकरणार नाही."

थोमाचे डोळे भरून आले. त्याने कोपऱ्यातली कुदळ उचलली.

तिथून शांतवन एस्तेर म्हातारीकडे गेला. "आजी, चुकलो मी."

"माझे दगड मीच लावणार," ती म्हणाली, आणि पदर खोचून निघाली.

मग घराघरांतून माणसे आली. ज्याने त्याने आपल्या शेतासमोरची जागा घेतली. शांतवन एकाकडून दुसऱ्याकडे जाई, दाखवी, आणि हात मागे घेई. हात मागे घेणे त्याला दगड उचलण्यापेक्षा जड जाई.

पुनवेच्या दिवशी भर दुपारी उधाण आले. पाणी बांधाच्या माथ्याला लागले. थोमाने भरलेला भाग जागचा हलला नाही. पाणी झिरपू लागले ते शांतवनने एकट्याने, थकल्या हातांनी भरलेल्या भागातून. त्याने हाक मारायच्या आधीच माणसे धावली. थोमा छातीभर पाण्यात उतरला. ओहोटी लागली तेव्हा बांध उभा होता.

त्या वर्षी भात पिकले नाही, कारण जमिनीतले मीठ धुऊन जायला वेळ लागतो. शांतवनचे घरही संध्याकाळी पूर्वीसारखेच सुने असे. पण सकाळी तो बांधाची पाहणी करायला निघाला, की कुणीतरी दारातून म्हणे, "थांब, मीही येतो." आणि शांतवन थांबे.

बोध हा, की ज्याच्यावर मोठे काम सोपवले आहे त्याने माणसांना शिकवावे आणि त्यांच्यावर विश्वास टाकावा. सगळे एकट्याने करू पाहणाऱ्याचे काम कच्चे राहते आणि तो स्वतःही एकटा पडतो.