उप्पलेच्या खाटेवरच्या तीन पुरचुंड्या

तगर नगरावर वीतरथ राजाची सत्ता होती त्या काळी बोधिसत्त्व एका औषध कुटणाऱ्याच्या घरी जन्माला आला. त्याचे नाव सोमक. बापामागे राजाच्या रुग्णशाळेतला खल त्याच्या हाती आला. वैद्य सांगत, सोमक कुटी, वस्त्रगाळ करी, पुरचुंडी बांधी. रुग्णशाळेतल्या खाटांना औषध त्याचे, गावात घरोघरी जाणारे त्याचे, आणि निराधार म्हाताऱ्यांसाठी राजाने वेशीबाहेर जे जरागृह बांधले होते, तिथे जाणारेही त्याचेच. हात असा नेमका, की त्याने घेतलेली चिमूट तागडीत घालून पाहायची कुणाला गरज वाटत नसे.

तगरात एक रीत होती. औषधाची पुरचुंडी रोग्याच्या खाटेला बांधायची, आणि एका वैद्याची गाठ दुसऱ्याने सोडायची नाही. सोडली तर पहिल्याचा अपमान. रोगी घर बदलो की खाट, जुन्या पुरचुंड्या त्याच्या मागोमाग जात आणि नवी त्यांच्या शेजारी बांधली जाई. वैद्यांचा मान राहिला म्हणजे झाले. पोटात कुणाच्या काय गेले, ते कोण विचारतो.

तिथे उप्पला नावाची एक विणकरीण राहत असे. नवरा कधीच वारलेला, एक मुलगी मेखला. दोघी एका मागावर पोट भरत. उप्पलेच्या पोटात कळा येऊ लागल्या तेव्हा रुग्णशाळेत तिला कळेचे चूर्ण मिळाले. बरी होऊन घरी गेली, तर थंडीत दमा उसळला. घरी येणाऱ्या वैद्याने दम्याचे चूर्ण दिले. पहिले चालूच होते. महिन्याभरात म्हातारी बरळू लागली. तिला भिंतीवर मुंग्या दिसत. मुलीला ओळखीना, चोरटी माग न्यायला आली, म्हणून तिच्याच अंगावर धावून जाई. मेखलेने सहा महिने काढले. माग चालला नाही तर चूल पेटत नाही, आणि आईला एकटी सोडावी तर ती विहिरीच्या वाटेला लागते. शेवटी रडत रडत तिने आईला जरागृहात आणून घातले. शेजारणी म्हणाल्या, पोरीने आईला टाकली. बोलायला काय जाते.

जरागृहाचा कारभारी कालक. साठ खाटा आणि राबणारी माणसे चार. त्याने तिन्हीसांजेला सगळ्यांनाच शांतिचूर्ण द्यायचा नेम घातला होता, हवे त्याला आणि नको त्यालाही. म्हातारी माणसे गप्प पडून राहत. राजा पाहायला आला की म्हणे, किती शांत आहे इथे.

एकदा औषध पोचवणारा गडी तापाने पडला, म्हणून सोमक स्वतः टोपली घेऊन तिकडे गेला. इतक्या वर्षांत त्याचे पाऊल तिथे पडले नव्हते. उप्पलेच्या खाटेशी तो थबकला. म्हातारीचे तोंड लालबुंद, जीभ वाळल्या पानासारखी, डोळ्यांच्या बाहुल्या इतक्या पसरलेल्या की डोळा सगळा काळाच. दोन्ही हात हवेत होते. तुटलेला धागा ती शोधत होती, जोडत होती, पुन्हा शोधत होती. खाटेला तीन पुरचुंड्या. सोमकाने एकेक हुंगली.

नावे तीन, त्याच्याकडच्या फळ्याही तीन, पण तिन्ही चूर्णांत धोत्र्याचे बी होते. एकेक चिमूट औषध होती. तीन चिमटी मिळून बाईची अक्कल खात होत्या. आणि तिन्ही त्याच्याच खलातल्या. मापात तो कधी चुकला नव्हता. हे कुणाच्या तोंडी जाते, एवढेच त्याने कधी विचारले नव्हते.

त्याने गाठीला हात घातला तसा कालक धावत आला.

"हात काढ सोमका. दुसऱ्याची गाठ आहे ती."

"गाठ त्यांची असेल, कारभारी. आतलं माझं आहे."

कालकाने त्याला बाजूला नेले आणि गोड आवाजात समजावले. म्हातारपणी माणूस बरळतोच, कुणी विचारायला येत नाही. राजाच्या औषधभांडाराचा मुख्य यंदा पायउतार होणार आहे, आपण एक शब्द टाकला की ती जागा सोमकाची. आणि तोंड उघडलेच, तर लोक ना वैद्याला धरतील ना कालकाला. "कुटणाऱ्याला धरतात. पहिला दगड तुला बसेल."

ते खरे होते. सोमकालाही ते ठाऊक होते. तो म्हणाला, "बसू दे." आणि त्याने शांतिचूर्णाची गाठ सोडली.

तिन्ही औषधे त्याने एकदम तोडली नाहीत. शांतिचूर्ण त्याच दिवशी बंद केले. मग दोन्ही वैद्यांच्या दारी जाऊन हात जोडले. एकाने शिव्या घातल्या, दुसरा खाली मान घालून बसला. पण दोघांनी होकार दिला. तशी बाकीची दोन त्याने चिमटीचिमटीने उतरवत नेली. दिवसभर खाटेशी बसून शिंपल्याने पाणी पाजले. सातव्या दिवशी म्हातारीचे हात हवेतून खाली आले. तिने आढ्याकडे पाहिले, मग त्याच्याकडे.

"हे कुणाचं घर, बाबा?"

त्याने सांगितले.

"मेखला कुठाय? मागावर असेल. जेवली का ती?"

सोमकाने हातातला शिंपला खाली ठेवला. तो उठला आणि नगराकडे पळत सुटला.

मेखला मागावर होती. आई बरी झाली, चल, एवढे म्हटले असते तर तिने त्याचे पाय धरले असते. सोमकाने तसे केले नाही. कळेचे चूर्ण, दम्याचे चूर्ण, शांतिचूर्ण, धोत्रा, आपला खल, सगळे सांगितले. मेखलेने माग थांबवला. म्हणाली,

"म्हणजे ती वेडी नव्हती."

"नव्हती."

"ती मला चोरटी म्हणाली, तेव्हा मी तिला मारलं होतं. हातातल्या फणीनं मारलं."

तिने मागावरची फणी उचलून त्याच्यासमोर धरली.

"आता हे मी कुठं ठेवू, दादा?"

आईने लेकीला ओळखले. किती वाळलीस म्हणून आधी रागे भरली. मेखलेने मारल्याचे सांगितले तर म्हातारी हसली. "बरं केलंस. मी तुला लहानपणी काय कमी बडवलंय?" दोन दिवस दोघी बोलत होत्या. पण वर्षभराच्या त्या विषाने देह पोखरला होता. तिसऱ्या दिवशी पहाटे उप्पला गेली. स्मशानात सोमकाने मेखलेपुढे हात जोडले. तिने त्याच्याकडे पाहिले आणि निघून गेली. त्या जन्मात तिने त्याला क्षमा केली नाही.

मग सोमकाने भर सभेत राजासमोर सगळे सांगितले, आपल्या हातापासून सुरुवात करून. राजाने साठही खाटा तपासून जादा चूर्णे उतरवायला लावली. एकोणीस माणसे शुद्धीवर आली आणि आपापल्या माणसांची नावे घेऊ लागली. काहींची ती माणसे मधल्या काळात मरून गेली होती. काही म्हातारे जागे झालेच नाहीत. कालकाला हाकलले. दगड मात्र सोमकाला बसले, आणि त्याच्या हातचे औषध पुढे कुणी घेतले नाही. त्याने खल सोडला. उरलेले आयुष्य तो घरोघर, खाटोखाट फिरला. काय काय घेता ते सगळे बाहेर काढा, म्हणून विचारत राहिला. कुणी दाखवले, कुणी दार लावून घेतले.

जेतवनातल्या विहारात एवढे सांगून भिक्षूंचा गुरू, शास्ता, थांबला. मग म्हणाला, "भिक्षूंनो, तेव्हाचा कालक हा आजचा देवदत्त. राजा वीतरथ म्हणजे आनंद. उप्पला म्हणजे माझी मावशी महाप्रजापती, आणि मेखला ही आपली भिक्षुणी पटाचारा. माप चुकले नाही म्हणजे आपण चुकलो नाही, असे इतकी वर्षे समजणारा तो सोमक मी होतो. आपल्या हातून झालेले आपल्याच तोंडाने सांगावे, समोरच्याने क्षमा करो वा न करो. हीच सत्याची पूर्णता, सत्य पारमिता."