बंद दाराची ऊब

आपल्या पणजोबांच्याही पणजोबांनी नुसती ऐकलेली ही गोष्ट आहे. एका उंच डोंगरावर एक गाव होतं. हिवाळ्यात तिथे बर्फ पडे आणि रानाची वाट तीन महिने बंद होई. आधी साठवलेल्या लाकडांवरच गाव तग धरून राही.

त्या गावाची एक रीत होती. चूल पेटलेली असेपर्यंत दार सताड उघडं ठेवायचं, येणाऱ्याजाणाऱ्याला जाळ दिसला पाहिजे. दार लागलं, की त्या घरातलं जळण संपलं असं गाव समजे. ही नामुष्की कोणाला हवी? म्हणून लोक ढणाढणा लाकडं जाळत आणि जाळापाशीच कुडकुडत बसत. शहाणीच म्हणायची सगळी.

एका वर्षी ऐन लाकूडतोडीच्या दिवसांत गावातल्या बुरुडाचा पाय मोडला. घरात लाकडं आली ती निम्मीच, आणि पाळण्यात महिन्याची लेक होती. बुरडीण बराच वेळ त्या एवढ्याशा ढिगाकडे बघत राहिली.

"लाकडं काही वाढायची नाहीत," ती नवऱ्याला म्हणाली. "पण पोरीला मी उन्हाळा दाखवणारच."

तिने पणती लावली आणि भिंतीलगत धरून घरभर फिरवली. ज्योत थरथरली, की तिथे फट आहे असं समजायचं. बुरुडाने बसल्या जागी शेणमातीत गवत कालवून दिलं, तिने एकेक फट लिंपली. दारापाशी तर पणती विझलीच. मग तिने धूर जायला वरचं धुराडं तेवढं उघडं ठेवलं, दार लावलं आणि आतून गोधडी टांगली.

गावात कुजबुज झाली. मुखिया स्वतः आला.

"दार लावलंस? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत, दादा. माझी चूल पोरीसाठी आहे, वाटेसाठी नाही."

मुखिया हसला. त्याच्या अंगणात चार गाड्या लाकूड होतं.

त्या वर्षी हिवाळा लांबला. मुखियाची लाकडं संपली. मग त्याने बैलगाडी जाळली, मग बाज जाळली. म्हाताऱ्या आईचे हात निळे पडले, तेव्हा तो मान खाली घालून बुरुडाच्या दारी आला.

आत चुलीत चारच निखारे होते, आणि पाळण्यातली पोर उघडे पाय झाडत खेळत होती. मुखिया बघतच राहिला.

बुरडिणीने त्याला कवेत मावतील तेवढी लाकडं दिली आणि वर पणती ठेवली. "लाकडं आजच्यापुरती पुरतील. ही पणती मात्र भिंतीपाशी फिरवा. आणि दार लावा, दादा."

मुखियाने घरी जाऊन आधी दार लावलं. संध्याकाळपर्यंत म्हातारीच्या बोटांत रंग आला.

पुढच्या वर्षी लाकूडतोडीआधी घराघरांत भिंतीलगत पणत्या फिरल्या. बुरुडाच्या घरी पणतीमागे एक पोर दुडदुडत होती.

तात्पर्य : नुसतं जाळून घर उबदार होत नाही, ऊब राखावी लागते.